काळ्या बोर्डावरचं घड्याळ

घड्याळाच्या जाहिरातीत नेहमी दहा वाजून दहा मिनिटंच का झालेली असतात, हे मला कुठल्या कॉलेजात नाही, घरात कळलं. वडिलांचं घड्याळाचं दुकान. नगरच्या कापड बाजारात एका बोळाच्या तोंडाशी, दोन माणसं आत शिरली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढंसं. शोकेसमधल्या प्रत्येक घड्याळाची काटे फिरवायची बारीक चावी अण्णा बाहेर ओढून ठेवत, म्हणजे घड्याळ बंद राहतं आणि सेल वाचतो. आणि बंद ठेवायचंच तर दहा-दहावर. लहानपणी एकदा मी शहाणपणा करून सगळी घड्याळं साडेसहावर लावून ठेवली. अण्णा आले, बघितलं आणि म्हणाले, "काय गं, सगळ्यांची तोंडं पाडून ठेवलीस?" साडेसहाला दोन्ही काटे खाली लोंबतात. दहा-दहाला ते वर उचललेले असतात, मधे कंपनीचं नाव मोकळं दिसतं आणि घड्याळ हसल्यासारखं वाटतं. हसऱ्या घड्याळाकडे गिऱ्हाईक वळतं, असं अण्णांचं म्हणणं.

पुढे मी पुण्यात डिझाइन शिकले आणि एका जाहिरातीच्या ऑफिसात चिकटले. तिथे घड्याळांचंच काम जास्त. अण्णा बोळात बसून जे करत होते तेच हे लोक एसीत बसून, कॉफी ढोसत, इंग्रजीत करत होते. सेकंदाचा काटा नेमका कुठे उभा करायचा यावर दोन मोठी माणसं अख्खी दुपार भांडलेली मी पाहिली आहेत. तारखेच्या खिडकीत कुठला आकडा बरा दिसतो, मनगटावर केस असावेत की नसावेत, काचेवर उजेडाची रेघ किती जाड हवी, एक ना दोन. सगळ्यांचा लाडका म्हणजे काळा रंग. मागे काळं, पुढे एकच घड्याळ, त्यावर जरासा उजेड, अक्षरं अगदी बारीक आणि बाकी सगळं मोकळं. जितकी जागा मोकळी तितकं घड्याळ महाग. मला हे सगळं मनापासून आवडायचं. अजूनही आवडतं, उगाच खोटं कशाला बोलू?

मग पुण्याला कंटाळून मी नगरला परत आले आणि एमआयडीसीतल्या एका फ्लेक्स छापणाऱ्या प्रेसमध्ये लागले. इथे मोकळी जागा दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. "मॅडम, या कोपऱ्यात माझ्या साडूचा फोटो बसतोय की!" बसतो बाबा, का नाही बसणार? वाढदिवसाचा बोर्ड पिवळाधमक. निवड झाली की गुलाल उधळलेला. दुकानाचं उद्घाटन लाल-पिवळं, त्यात हात जोडलेला मालक आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. गेलेल्या माणसाचा बोर्ड काळा-करडा, बाजूला एक ज्योत. आमच्याकडे बोर्ड कुणी वाचत नाही. गाडीवरून जाता जाता रंग बघतात आणि काय ते समजून घेतात. हे मला पक्कं माहीत होतं, रोजची भाकरी त्याच्यावरच होती.

गेल्या हिवाळ्यात अण्णांना अटॅक आला. दुकानातच. शेजारी बांगड्यांचं दुकान असलेल्या चाचांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं म्हणून वाचले. स्टेंट टाकला. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय, चाला, फिरा, महिन्याभरानं खुशाल दुकानात बसा. अण्णांनी मान डोलावली, घरी आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, ते उठेचनात.

"अण्णा, दुकानात एक चक्कर मारून येऊ?"

"बघू."

"नाहीतर खाली गेटपर्यंत?"

"उद्या."

जिना उतरायचं नाव काढलं की त्यांचा हात छातीवर जायचा. सुट्टीच्या दिवशीसुद्धा 'शटर नीट लागलंय का बघून येतो' म्हणत बाजारात पळणारा माणूस हा! आता समोरच्या कुंपणाकडे तासन्‌तास बघत बसायचा. आई त्यांच्यासमोर काही बोलायची नाही, आत जाऊन भांडी आपटायची. मी मात्र बोलायचे, जरा जास्तच बोलायचे, आणि त्यानं काडीचा फरक पडत नव्हता.

त्यात बाजारातला एक तरुण, मोबाईलची कव्हरं विकणारा, गाळा भाड्यानं मागायला आला. माणूस वाईट नव्हता. अदबीनं बोलला, आईनं दिलेला चहा प्यायला. अण्णा त्याला म्हणाले, "रविवारी सांगतो." त्यांच्या आवाजावरूनच मला कळलं की त्यांचं ठरलंय. मला गाळ्याचं काही पडलं नव्हतं. पण एकदा दुकान गेलं की अण्णा त्या खुर्चीतून परत उठणार नाहीत आणि बसल्या बसल्या एक दिवस संपून जातील, याची मला भीती वाटत होती. अशी भीती मला त्या हॉस्पिटलातही वाटली नव्हती.

रविवारच्या आत काहीतरी करायला हवं होतं. मला दुसरं येतं काय? मी बोर्ड करायला घेतला. म्हटलं, दुकान सोमवारपासून पुन्हा सुरू, असं गावाला जाहीरच करून टाकू. अण्णांना नेऊन दाखवू. स्वतःचं एवढं मोठं चित्र भर रस्त्यात बघितल्यावर माणूस घरात कसा बसेल?

आणि ठरवलं, साडू नको, मुंडकी नकोत, पिवळं तर नकोच नको. माझ्या बापाचा बोर्ड माझ्या मनासारखा होणार. माझ्याकडे अण्णांचा दुकानातला एक जुना फोटो होता. डोळ्याला भिंग, मान किंचित वाकलेली, अर्ध्या चेहऱ्यावर उजेड. तो ब्लॅक-अँड-व्हाइट केला. शेजारी एकच घड्याळ, अर्थात दहा-दहावर. मागे सगळं काळं. घड्याळाच्या मागून सोनेरी उजेड, खाली रुंद आणि वर निमुळता होत गेलेला. पांढऱ्या अक्षरांत 'नगरची घड्याळं चालती ठेवणारे हात'. अगदी तळाशी करड्या रंगात, नाजूक अक्षरांत, दुकानाचं नाव आणि 'सोमवारपासून पुन्हा आपल्या सेवेत'. स्क्रीनवर बघून माझेच डोळे भरून आले.

छापताना मशीनवाल्यानं बोर्डाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मशीन थांबल्यावर हात पुढे बांधून तो जरा वेळ नुसताच उभा राहिला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला आलात आज? आम्ही केलं असतं." मला वाटलं, चला, या प्रेसमध्ये एकाला तरी कलेची कदर आहे.

शुक्रवारी सकाळी माणसांनी तो बोर्ड सावेडी नाक्यावरच्या लोखंडी सांगाड्यावर चढवला. एरवी लावलेला बोर्ड मी रस्त्यावरून एकदा बघून येते. त्या दिवशी प्रेसमध्ये काम तुंबलं होतं, राहिलं. संध्याकाळी अण्णांना गोडीगुलाबीनं रिक्षात बसवायचं आणि तिथे न्यायचं, असा बेत होता. घरात कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला चाचांचा फोन आला. चाचा रडत होते.

"बेटी, मेरेकू बताया भी नहीं? चालीस साल का साथ हमारा..."

"काय झालं, चाचा?"

"आता मैं, घर पे आता," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

तेवढ्यात दुसरा फोन, बाजारातल्याच एका ओळखीच्या माणसाचा. "फार वाईट झालं हो ताई. किती वाजता नेणार?" मी फोन कट केला आणि अण्णांना लावला. वाजून वाजून बंद झाला. आईला लावला, तिचा फोन घरातच पडलेला असतो हे माहीत असून लावला. शुक्रवारी ती भाजीला जाते. म्हणजे अण्णा घरात एकटे. शेजाऱ्यांना कळलं, चाचांना कळलं, सगळ्या बाजाराला कळलं आणि मीच तेवढी इथे बसले होते. बोर्डाचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कसं येईल? माझ्या डोळ्यांपुढे ती खुर्ची होती.

गाडी कधी काढली ते आठवत नाही. मनमाड रोडला ट्रकांची ही रांग, मधूनच एखादा टेम्पो आडवा. मी हॉर्न देत, शिव्या देत, शिव्या खात चालले होते. सकाळी निघताना अण्णा म्हणाले होते, "येताना लिंबं आणशील का?" आणि मी त्यांचंच उत्तर त्यांना दिलं होतं, 'बघू'. तो शब्द काही केल्या डोक्यातून जाईना. देवा, लिंबं आणते, पोतंभर आणते, असं मी हेल्मेटमध्ये मोठ्यानं म्हणत होते.

सावेडी नाक्यावर गर्दीत अडकले, पाय टेकला आणि वर बघितलं. समोर अण्णा. काळ्यात. मान वाकवलेले, अर्धा चेहरा अंधारात. बाजूला सोनेरी ज्योत. ज्योतच होती ती, दुसरं काय? आठवड्यातून कितीतरी गेलेल्या माणसांशेजारी मी लावते तीच, माझ्या हातानं माझ्या जित्याजागत्या बापाशेजारी लावलेली. 'नगरची घड्याळं चालती ठेवणारे हात'. आणि तळाची ओळ? रसवंतीवाल्याच्या छत्रीमागे गेलेली. छत्री नसती तरी ते नाजूक करडं प्रकरण रस्त्यावरून कुणाच्या बापाला वाचता आलं असतं?

शेजारी गाडीवर थांबलेल्या माणसानं बोर्डाकडे बघून हात जोडले. "चांगला माणूस होता," म्हणाला.

मला हसू फुटलं. आधी फस्सकन, मग खदाखदा, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्याला म्हटलं, "माझे वडील आहेत हो ते!"

"असं का?" तो कळवळला. "ताई, सावरा स्वतःला."

म्हणजे हे सगळं बोर्डानं केलं होतं. पण मग अण्णांनी फोन का उचलला नाही? तेवढं एक उरलंच होतं, आणि त्यानं हसू जागीच विरलं. घरी पोचले, गाडी कशीबशी लावली, जिना धावत चढले. दार नुसतं लोटलेलं. अण्णा बेसिनपाशी उभे, अर्ध्या तोंडाला साबण, हातात रेझर, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.

"काय गं? नोकरी गेली का?"

मी जाऊन त्यांना घट्ट मिठी मारली. आमच्या घरात मिठ्या मारायची पद्धत नाही. त्यामुळे ते घाबरले आणि रेझर वर धरून तसेच ताठ उभे राहिले. साबण माझ्या केसांना लागला. त्यांना अंगाऱ्याचा वास येत होता, औषधाचा येत होता, दाढीच्या साबणाचा येत होता, आणि मला त्यांच्या शर्टातून छातीची धडधड नीट ऐकू येत होती.

"अण्णा, तुम्ही गेलात."

"कुठे?"

सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात खालून आवाज आले. खिडकीतून बघितलं तर गेटशी पंधरा-वीस माणसं. चाचा, बाजारातले दुकानदार, कॉलनीतले लोक, निम्मे पांढऱ्या कपड्यांत. वर यावं की न यावं अशी कुजबुज चाललेली. कुणीतरी बोर्डाचा फोटो काढून स्टेटसला लावला होता आणि तो अर्ध्या जिल्ह्यात फिरला होता. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर जलदान विधी कोणत्या रविवारी ठेवायचा यावर दोन मावसभावांचं एकमत होत आलं होतं. खरं सांगते, फोन हातात घेऊन ते वाचताना मला त्यांचा राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटलं. तेवढ्यात मिरजगावची आत्या जीपमधून उतरली आणि तिथूनच तिनं हेल काढला, "माज्या भावाऽऽ, मला टाकून कसा गेलास रं!"

आणि त्याच वेळेला कोपऱ्यावरून आई आली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. तिनं गर्दी बघितली, पांढरे कपडे बघितले, आत्याचं रडणं ऐकलं. पिशव्या हातातून सुटल्या. ती जागेवरच खाली बसली, भर रस्त्यात.

मी खिडकीतून ओरडले, पण त्या कालव्यात माझं कोण ऐकतंय? मी वळले तर अण्णा माझ्या मागे नव्हते. जिन्यात पावलं वाजत होती, धडधड धडधड. अर्धी दाढी, गळ्यात टॉवेल, अनवाणी. छातीवर हात नाही की कठडा धरलेला नाही. गर्दीतून वाट काढत ते आईपर्यंत गेले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "अगं, इकडे बघ. इकडे बघ माझ्याकडे. काही झालं नाही मला."

आईनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. हाताला साबण लागला तेव्हा तिला खरं वाटलं बहुतेक. मग ती अशी रडली, अशी रडली, की हॉस्पिटलातले सगळे दिवस त्यात निघाले. लोक आपापल्या चपलांकडे बघत उभे राहिले. चाचा गेटच्या कट्ट्यावर बसले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "या अल्ला! आधा रस्ता मैं रोते आया!"

आत्या पुढे आली. अण्णांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. "मेल्या! जित्ता हायेस व्हय! लई घाबरवलंस रं! वाटंत मी पान्याचा घोट न्हाई घेतला!" ती मारत होती, रडत होती आणि हसतही होती. अण्णा निमूट मार खात होते.

एवढी माणसं दारात आलेली, परत कशी पाठवणार? चहा टाकावा लागला. जिवंत माणसाचं सांत्वन कसं करायचं, याची कुणाला सवय नव्हती. बशीतून चहा पीत सगळे अण्णांकडे चोरून बघत होते. शेवटी एक जण घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, आता विषय निघालाच आहे तर... माझं घड्याळ तुमच्याकडेच आहे, दोन महिने झाले."

"माझं पण," दुसरा म्हणाला. "मुलीच्या लग्नातलं आहे हो."

"अरे, मेलोय म्हणून आलात की घड्याळ न्यायला आलात?" अण्णा कडाडले. दोन महिन्यांत मी त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. आई दारात उभी राहून बघत होती. "सोमवारी या. दुकानात."

सगळ्यांच्या मागे तो कव्हरवाला तरुण उभा होता. पाठीमागे काहीतरी लपवत. अण्णांनी बोलावलं तेव्हा बिचाऱ्यानं लाजत हात पुढे केला. शेवंतीचा हा जाडजूड हार.

"गाळा मिळायचा नाही," अण्णा म्हणाले.

"नको, अण्णा. तुम्ही आहात ना, बास झालं," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. हाराचं काय करायचं ते कुणालाच सुचेना. शेवटी आत्यानं तो काढून घेतला आणि 'मिरजगावला फुलं लई महाग झाल्यात' असं म्हणत स्वतःच्या पिशवीत कोंबला.

संध्याकाळी अण्णा स्वतःच म्हणाले, "चल, बघू तरी काय केलंयस ते." रिक्षानं आम्ही सावेडी नाक्यावर गेलो. माझी माणसं बोर्ड उतरवायला शिडी घेऊन आलीच होती. मी त्यांना थांबवलं. अण्णा बोर्डाखाली उभे राहिले, मागे हात बांधून, मान वर करून. रस्त्यानं जाणारा एक जण अण्णांकडे, मग बोर्डाकडे, परत अण्णांकडे बघत दुभाजकावर चढता चढता वाचला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. म्हटलं, हवं तेवढं बोलू दे. नवा बोर्ड पिवळाधमक करायचा, अक्षरं हातभर, वीस घड्याळं, आत्याच्या फोटोसकट, हे मी दुपारीच ठरवून टाकलं होतं.

अण्णांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाले, "घरी आल्यापासून डोळे मिटले की मला हेच दिसायचं गं. असंच काळं. मधे माझा फोटो."

मी त्यांचा हात धरला. तो गरम होता.

"बघून टाकलं एकदाचं," ते म्हणाले. "उतरव आता."

माणसांनी दोऱ्या कापल्या. बोर्ड एका कोपऱ्यातून सुटला, फडफडला आणि खाली आला. अण्णा तो गुंडाळून होईपर्यंत थांबले नाहीत. ते सरळ चालत रिक्षापर्यंत गेले, आत बसले, माझ्यासाठी जागा केली आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "कापड बाजार."